‘दिसून राहिलं का काही?’

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, "तू काय काम करतेस ते सांग, पण आम्हाला कळेल असं सांग आणि जेवणाच्या आधी संपव." दोन्ही अटी पाळायचा प्रयत्न करते.

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर असं आहे. जिवंत माणसाच्या कातडीखालून वाहणाऱ्या, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या काही बारीक नळ्या असतात. कापाकापी न करता, प्रकाशाच्या मदतीनं त्या बघायच्या. या नळ्यांना लसिकावाहिन्या म्हणतात. आपल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात त्यांच्यावर जेमतेम एक परिच्छेद होता आणि परीक्षेला तो कधी आला नाही, म्हणून आपण कोणीच तो वाचला नाही.

पण या कामाची सुरुवात माझ्यापुरती आपल्याच शाळेत झाली. ती गोष्ट मी आजवर कुठे सांगितली नाही. आज सांगणार आहे, कारण त्या दिवशी वर्गात हजर असलेले बरेच जण समोर बसले आहेत आणि विज्ञानाचे सरही पहिल्या रांगेत आहेत.

आपण आठवीत होतो. सरांनी दुपारी प्रयोगशाळेच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला आणि तीन सेलची बॅटरी तळहाताखाली धरली. हात लालभडक उजळला. सरांनी विचारलं, "लाल का दिसतो?" आपण सगळे ओरडलो, "रक्त लाल असतं म्हणून!" सर म्हणाले, "अर्धं बरोबर. आता सांगा, हातात एवढी हाडं आहेत, ती का दिसत नाहीत?" सगळे गप्प झाले. मग सर म्हणाले, "उजेड हातातून जातो, पण सरळ जात नाही. आत वाटा चुकत चुकत जातो." हे वाक्य मी पुढे पदव्युत्तर वर्गात इंग्रजी पुस्तकातून शिकले, तेव्हा मला ते आधीच पाठ होतं.

बॅटरी हातोहात फिरत माझ्याकडे आली आणि तेवढ्यात शिपाईकाका सूचनावही घेऊन दारात उभे राहिले. काका तुम्हाला आठवतात. सकाळचा टोल तेच द्यायचे. त्यांचा डावा पाय गुडघ्यापासून खाली खांबासारखा सुजलेला होता. आपण मुलांनी त्यांना एक नाव ठेवलं होतं. ते नाव आज या सभागृहात मी उच्चारणार नाही. तुमच्या चेहऱ्यांवरून कळतंय की ते तुम्हालाही आठवतंय.

मी उठले आणि ती बॅटरी काकांच्या पायाला लावली. वर्ग हसला. मला हसवायचंच होतं. पायातून काही उजेड गेला नाही. सरांनी माझ्या हातातून बॅटरी काढून घेतली. काका मात्र चौकटीला टेकून उभे होते. ते रागावले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "दिसून राहिलं का काही, माय?"

मी म्हटलं, "काही नाही दिसत." पुन्हा हशा झाला. काका सूचनावहीवर सरांची सही घेऊन गेले.

तो प्रश्न ते चेष्टेनं विचारत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. इतकी वर्षं तो पाय ओढत चालणाऱ्या माणसाला आत नेमकं काय बिघडलंय, हे कोणीच दाखवलं नव्हतं. दाखवता येतही नव्हतं. एका पोरीच्या हातात बॅटरी दिसली, म्हणून त्यांनी विचारलं.

आता थोडं शास्त्र. आपलं गाव वैनगंगेच्या पट्ट्यातलं, धानाचं. म्हणून बांधीचं उदाहरण देते. बांधीत पाणी येतं एका वाटेनं आणि जास्तीचं पाणी निघून जायला दुसरी वाट लागते. ती बुजली की पाणी तुंबतं आणि रोपं सडायला लागतात. शरीरातही तसंच आहे. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी आणि प्रथिनं झिरपून पेशींच्या अवतीभवती येतात. त्यातलं जास्तीचं पाणी, मोठी प्रथिनं, जंतू, मेलेल्या पेशींचा कचरा हे सगळं गोळा करून मानेजवळच्या मोठ्या शिरांत परत नेऊन सोडायचं काम लसिकावाहिन्या करतात. वाटेत लसिकाग्रंथींच्या चौक्या असतात. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, ती यातलीच एक चौकी.

रक्त पुढे ढकलायला हृदय आहे. लसिकेला मध्यवर्ती पंप नाही. वाहिनीचा प्रत्येक छोटा तुकडा स्वतः आकुंचन पावतो आणि आतला द्रव पुढच्या तुकड्यात ढकलतो. मागे येऊ नये म्हणून मध्ये झडपा असतात. श्रमदानाच्या दिवशी आपण रांगेत उभं राहून घमेली हातोहात पुढे द्यायचो, अगदी तसं. रांगेतली चार मुलं खाली बसली की घमेली साचायची आणि मागून ओरडा सुरू व्हायचा.

इतकं मोलाचं जाळं माणसाला एवढा काळ का दिसलं नाही? कारण लसिका बहुतेक ठिकाणी पाण्यासारखी नितळ असते आणि वाहिन्यांच्या भिंती पातळ असतात. नितळ नळीत नितळ पाणी, ते दिसणार कसं? इटलीत गास्पारे असेली नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. १६२२ साली एका कुत्र्याची जिवंतपणी चिरफाड करताना त्यांना आतड्यांजवळ पांढरे धागे दिसले. आधी त्यांना त्या नसा वाटल्या. एक धागा कापला, तर दुधासारखा द्रव बाहेर आला. पुढच्या कुत्र्यात ते शोधायला गेले, तर काहीच दिसेना. मग लक्षात आलं की पहिला कुत्रा जेवलेला होता आणि दुसरा उपाशी. जेवणातली स्निग्धता शोषून घेतल्यावरच त्या वाहिन्या पांढऱ्या दिसतात. म्हणजे आत काहीतरी दिसण्याजोगं भरलं, तरच त्या दिसतात. पुढच्या चारशे वर्षांतल्या बहुतेक पद्धती याच धड्यावर उभ्या आहेत.

आधी मृतदेहांच्या लसिकावाहिन्यांत पारा भरून त्यांचे नकाशे काढले गेले. १९५२ च्या सुमारास लंडनचे शल्यचिकित्सक जॉन किनमॉन्थ यांनी जिवंत माणसासाठी पद्धत बसवली. पावलात निळा रंग टोचायचा, तिथे छेद घेऊन निळी झालेली वाहिनी शोधायची, तिच्यात केसासारखी सुई घालायची, सावकाश औषध भरायचं आणि क्ष-किरणांनी फोटो काढायचे. चित्र सुंदर यायचं, पण रोग्याला तासन्‌तास निजून राहावं लागे आणि वर जखम व्हायची ती वेगळीच. नंतर किरणोत्सारी द्रव्य टोचून चित्र घ्यायची पद्धत आली. ती आजही वापरतात. पण तिचं चित्र धूसर असतं. रस्ता कुठून कुठे जातो ते कळतं, रस्त्यावरची वाहतूक नीट दिसत नाही.

आता सरांच्या बॅटरीकडे परत येऊ. हात लाल का उजळतो? बॅटरीच्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात. त्यातला निळा-हिरवा भाग रक्तातलं हिमोग्लोबिन गिळून टाकतं. तांबडा उजेड मात्र बराचसा पार होतो. तांबड्याच्याही पलीकडे, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर या पट्ट्यात रक्त प्रकाश कमी शोषतं आणि पाणीही कमी शोषतं. म्हणजे निसर्गानं आपल्या कातडीला एक खिडकी ठेवलेली आहे. फक्त तिच्यातून बघायला आपले डोळे चालत नाहीत, कॅमेरा लागतो.

त्या खिडकीत पेटणारा एक दिवा हवा. तो म्हणजे इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हृदयाच्या आणि यकृताच्या तपासणीत तो वापरात आहे, म्हणजे डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. पायाच्या बोटांच्या बेचक्यात, कातडीच्या वरच्या थरात त्याचा थेंबभर भाग टोचतात, मिलिलिटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा. मुंगी चावल्यासारखं होतं, तेवढाच काय तो त्रास. तो रंग तिथल्या प्रथिनांना चिकटतो. मोठी प्रथिनं रक्तवाहिनीत सहज शिरू शकत नाहीत, म्हणून तो आपोआप लसिकावाहिनीत जातो. मग पायावर ७८० नॅनोमीटरच्या आसपासचा मंद अवरक्त प्रकाश टाकायचा. रंग तो पितो आणि ८३० च्या आसपासचा स्वतःचा प्रकाश सोडतो. कॅमेऱ्यापुढे एक गाळणी असते. आपण टाकलेला प्रकाश ती अडवते आणि रंगानं सोडलेला तेवढा आत घेते. त्यामुळे काळ्या पडद्यावर फक्त वाहिन्या चमकतात.

लसिकावाहिन्यांसाठी ही पद्धत या शतकाच्या पहिल्या दशकात रुजली. जपानमधल्या शल्यचिकित्सकांनी आणि अमेरिकेत ह्यूस्टनला एव्हा सेविक-मुराका यांच्या गटानं त्यात मोठं काम केलं. मी त्या उपकरणावर शिकत होते, तेव्हा निरोगी पाय म्हणून माझाच पाय पुढे केला. काही मिनिटांत घोट्यावरून एक उजळ रेघ वर चढू लागली. मग दुसरी. आणि मग मला ते दिसलं, ज्यासाठी मी आज हे बोलते आहे. त्या रेघेतून उजेडाचे छोटे छोटे ठिपके, थांबत थांबत, एकामागून एक वर सरकत होते. घमेली पुढे चालली होती. पंचेचाळीस वर्षं हे माझ्या पायात रात्रंदिवस चाललं होतं आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती.

बिघडलेल्या पायात किंवा हातात चित्र बदलतं. सरळ रेघा तुटतात. उजेड मागे फिरून कातडीत पसरतो. जपानी डॉक्टरांनी या पसरण्याचे प्रकार पाडले आहेत. आधी पाण्याचे शिंतोडे उडावेत तसं दिसतं, पुढे चांदण्यांचा चुरा पसरल्यासारखं, आणि शेवटी सगळीकडे धुकं. या नकाशावरून शल्यचिकित्सक अजून चालू असलेली वाहिनी शोधतात आणि अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची ती नळी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारच्या बारीक शिरेला जोडतात. तुंबलेल्या पाण्याला नवी वाट मिळते.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगते, नाहीतर सर मला मार्क देणार नाहीत. प्रकाश वाटा चुकतोच. त्यामुळे एक-दोन सेंटिमीटरच्या खाली काही दिसत नाही. पोटातल्या, छातीतल्या वाहिन्यांसाठी दुसरी साधनं लागतात. आणि सुई टोचतोच, म्हणजे शरीराला अगदी स्पर्शही होत नाही असं नाही. सुई आणि रंग दोन्ही टाळायचेही प्रयत्न चालू आहेत. एका पद्धतीत कातडीच्या वेगवेगळ्या थरांवरून परत येणारा प्रकाश मोजतात. रक्तातल्या पेशी प्रकाश उधळतात, नितळ लसिका जवळजवळ उधळत नाही. म्हणून लसिकावाहिनी चित्रात काळ्या बोगद्यासारखी दिसते. चारशे वर्षं जो नितळपणा आड आला, तोच इथे खूण म्हणून कामाला येतो. पण ही पद्धत दीड-दोन मिलिमीटरच्या खाली पोहोचत नाही.

मी ज्या रुग्णालयात काम करते, तिथे स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या एक बाई आल्या होत्या. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या होत्या. त्यांची तक्रार एवढीच होती, "हात जड वाटतो." टेपनं मोजलं तर दोन्ही हात सारखे. घरचे म्हणत होते, मनाचे खेळ आहेत. कॅमेऱ्यात कोपराखाली शिंतोडे दिसले. सूज यायच्या आधीच उजेड मागे फिरायला लागला होता. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच नव्हते म्हणत." त्यांना लगेच दाब देणारी बाही आणि व्यायाम सुरू केले. पडदा रोग्याकडे वळवायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

आता काकांच्या पायाविषयी. त्यांचा आजार हत्तीरोग होता. आपल्या पूर्व विदर्भाला तो नवा नाही. गटारात, घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांतून हा जंतू पसरतो. त्याचे धाग्यासारखे मोठे कृमी लसिकावाहिन्यांतच घर करतात आणि वर्षानुवर्षं जगतात. त्यांची पिल्लं रात्री रक्तात फिरतात, म्हणून आपल्या लहानपणी आरोग्य खात्याची माणसं रात्री येऊन बोटाचं रक्त घ्यायची. आपण खाटेखाली लपायचो, आठवतं का?

या आजारातली वाईट गोष्ट ही की पाय सुजायच्या कितीतरी वर्षं आधी आतल्या वाहिन्या बिघडू लागतात. केरळात अलप्पुळाच्या भागात संशोधकांनी हत्तीरोगाच्या जंतूची लागण झालेल्या मुलांची तपासणी केली. तिथला जंतू आपल्याकडच्या जंतूचा भाऊबंद आहे. किरणोत्सारी द्रव्यानं चित्रं घेतली, तर वरून धडधाकट दिसणाऱ्या मुलांच्या वाहिन्यांत बिघाड सापडला. पण त्याच मुलांना नेहमीच्या गोळ्या दिल्यावर पुष्कळांचा बिघाड मागे हटला. ही मुलं आपण आठवीत होतो त्याच वयाच्या आसपासची किंवा त्याहून लहान होती. त्या वर्गात काकांच्या पायावर हसणाऱ्या आपल्यापैकी कोणाच्या पायात तेव्हा काय चाललं होतं, कोणाला माहीत?

काका मधूनमधून चार-चार दिवस यायचे नाहीत. टोल उशिरा व्हायचा, आपण खूश. थंडी वाजून ताप यायचा त्यांना. आज त्याचं कारण ठाऊक आहे. लसिका तुंबलेल्या पायाची कातडी जंतूंशी नीट लढू शकत नाही. बोटांच्या बेचक्यातल्या भेगेतून जंतू शिरतात, ताप येतो, पाय लाल होतो आणि अशा प्रत्येक तापानंतर तो आणखी जाडावतो. हे ताप थांबवायला माझा कॅमेरा लागत नाही. रोज साबणानं पाय धुवायचा, बेचके कोरडे पुसायचे, भेगेला मलम लावायचं, बसताना पाय वर ठेवायचा, घोटा हलवायचा. जुना पाय पूर्ववत होत नाही, हे खरं आहे. पण ताप कमी होतात आणि माणूस कामावर जाऊ शकतो. काकांना हे त्या वेळी कोणी सांगितलं असतं, तर त्यांचे कितीतरी दिवस वाचले असते.

काका आज नाहीत. त्यांची माफी मागायला मी फार उशिरा निघाले. त्यांनी मला प्रश्न विचारला होता आणि मी चुकीचं उत्तर दिलं होतं. "काही नाही दिसत" हे उत्तर बॅटरीचं होतं. आत बघण्यासारखं खूप काही होतं.

म्हणून दोन गोष्टी मागते. पहिली, आरोग्यसेविका हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन दारात येतील तेव्हा, "आम्हाला काय झालंय?" असं म्हणू नका. डीईसी आणि अल्बेंडाझोल, काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनही असतं. गरोदर बायका, दोन वर्षांखालची मुलं आणि फार आजारी माणसं सोडून बाकीच्यांनी, पोटात काही खाऊन, त्यांच्यासमोर गोळ्या घ्याव्यात. काही झालेलं नसतानाच त्या घ्यायच्या असतात. तुमच्यापैकी जे आज याच शाळेत शिक्षक आहेत, त्यांनी त्या दिवशी वर्गात स्वतः आधी गोळी घ्यावी.

दुसरी गोष्ट. कोषाध्यक्षांनी मघाशी सांगितलं की मेळाव्याच्या वर्गणीतून काही रक्कम उरणार आहे. त्यातून आपल्या परिसरातल्या हत्तीपायाच्या रुग्णांना पाय धुण्याचं साहित्य द्यावं, अशी माझी सूचना आहे. टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम, एवढंच. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे रुग्णांची यादी असते. माझा वाटा मी आज देऊन जाते. आणि साहित्य द्यायला जाल तेव्हा पाच मिनिटं बसून, पाय कसा धुवायचा ते प्रत्यक्ष धुऊन दाखवा.

सर, बॅटरी माझ्या हातातून काढून घेतलीत, त्याबद्दल आभार. आणि ती आधी माझ्या हातात दिलीत, त्याबद्दलही.